जुन्या कॉम्पोझिटवर नवीन कॉम्पोझिट का टिकत नाही, आणि टिकवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेशंटच्या वरच्या पुढच्या दाताच्या कोपऱ्यावर सहा-सात वर्षांपूर्वीचं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, रेझिन आणि बारीक काचकण मिसळून केलेलं) फिलिंग आहे, दुसऱ्या डॉक्टरांनी केलेलं, मटेरियल कुठलं होतं याची काहीच नोंद नाही. त्याचा कडेचा तुकडा उडाला. तुम्ही एच केलं (फॉस्फोरिक ॲसिड लावून धुतलं), युनिव्हर्सल बाँड (चिकटवणारं पातळ रेझिन) लावला, क्युअर केलं (लाईटने घट्ट केलं), वर नवीन कॉम्पोझिट बांधलं आणि ते काही महिन्यांत निघून आलं, परत तसंच केलं तर परत निघालं. आता तुम्ही विचारताय की सायलेन (काच आणि रेझिन जोडणारं द्रव) वेगळं आणायचं का, हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लावून बघायचं का, की सगळं काढून पहिल्यापासून नवीन करायचं.

आधी सरळ उत्तर देतो. सगळं काढायची गरज बहुतेक नाहीये. हायड्रोफ्लुओरिक तोंडात नकोच. सायलेन जरूर वापरा, पण तुमचं काम सायलेनवाचून अडलेलं दिसत नाही. तुमच्या वर्णनात एच आहे, बाँड आहे, क्युअर आहे, पण जुन्या फिलिंगचा पृष्ठभाग बरने (ड्रिलच्या टोकाने) किंवा सँडब्लास्टने (बारीक पावडरचा मारा करून) खरखरीत केल्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि माझ्या मते गोची तिथेच आहे. जुन्या कॉम्पोझिटवर सगळ्यात जास्त पकड मिळते ती खरखरीतपणातून, बाटलीतून मिळते ती त्याच्यावरची भर. बाटल्या कितीही चांगल्या आणल्या आणि खाली गुळगुळीत पॉलिश केलेला पृष्ठभाग तसाच राहिला तर रिपेअर निघणारच.

फॉस्फोरिक ॲसिडबद्दल आधी बोलू, कारण बहुतेकांची गडबड इथूनच सुरू होते. १९५५ साली ब्युनोकोर यांनी इनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) ॲसिड लावून रेझिन चिकटवायची पद्धत दाखवली आणि तेव्हापासून आपल्या हाताला सवयच लागलीये की चिकटवायचं म्हटलं की एच करायचं. पण इनॅमलवर ॲसिड काम करतं कारण तिथे हायड्रॉक्सीॲपेटाइट हे खनिज आहे, ते विरघळतं, बारीक छिद्रं पडतात, रेझिन त्यात शिरतं. कॉम्पोझिटमध्ये विरघळायला आहे काय? रेझिन मॅट्रिक्सवर (काचकणांना धरून ठेवणाऱ्या रेझिनवर) ३७ टक्के फॉस्फोरिकचा परिणाम होत नाही, आणि काचेच्या फिलरवरही (त्या काचकणांवरही) पकड तयार होईल इतका होत नाही. हे डोळ्यांनी बघता येतं. पुढच्या वेळी एच धुऊन वाळवल्यावर लूप्समधून (भिंगाच्या चष्म्यातून) नीट बघा, इनॅमल खडूसारखं पांढरं फटक दिसेल आणि शेजारचं कॉम्पोझिट जसं होतं तसंच राहिलेलं दिसेल, चमकत असेल तर चमकतच राहिलेलं. (जुन्या फिलिंगची कड नक्की कुठे संपते हे कळत नसेल तर ती शोधायलाही ही युक्ती फार कामाची आहे, रंग इतका जुळलेला असतो कधीकधी की दुसऱ्या कशाने कळत नाही.) मग फॉस्फोरिक लावायचंच नाही का? लावायचं, पण कॉम्पोझिटवर ते फक्त सफाईसाठी. लाळेतली प्रथिनं, बरने उडालेला भुगा, हे सगळं निघून जातं. खरखरीत करणं हे वेगळं काम आहे आणि ते आधी व्हायला हवं.

आता मुळात जुन्यावर नवीन का चिकटत नाही ते बघू, कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात.

आपण फिलिंग थरांमध्ये भरतो तेव्हा दोन थरांच्या मध्ये बाँड लावत नाही आणि तरी ते एकजीव होतात. कारण क्युअर केलेल्या थराच्या वर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक चिकट, अर्धवट राहिलेला पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्या खालीही सगळं रेझिन जुळलेलं नसतं. लाईट कितीही चांगला असला तरी मोनोमरचे (रेझिनच्या सुट्या रेणूंचे) सगळे दुहेरी बंध जुळत नाहीत, साधारण निम्मे ते पाऊण जुळतात, बाकीचे तसेच राहतात. नवीन थर आला की हे उरलेले बंध त्याच्याशी जोडले जातात. म्हणून त्याच दिवशी पॉलिश करताना बुडबुडा दिसला तर काळजीचं कारण नसतं, जरा बर फिरवा, बाँड लावा, भरा, छान बसतं.

सहा-सात वर्षांनी परिस्थिती पार वेगळी असते. चिकट पापुद्रा तर पहिल्याच दिवशी पॉलिशमध्ये गेला. मॅट्रिक्समध्ये जी मोकळी रॅडिकल्स (नवं रेझिन जोडून घेणारी क्रियाशील टोकं) अडकून होती ती केव्हाच संपली. काही मोनोमर लाळेत झिरपून गेलं, म्हणजे नव्या रेझिनशी जोडलं जाईल असं फारसं काही वरच्या भागात उरलेलंच नाही. शिवाय कॉम्पोझिट हळूहळू पाणी पितं. पाण्याने मॅट्रिक्स थोडं फुगतं, मऊ पडतं, आणि फिलरचे काचकण रेझिनला ज्या सायलेनने धरून ठेवलेले असतात तो दुवाच पाण्याने तुटायला लागतो. लाळेतली एस्टरेझ एन्झाइम्स रेझिनचे बंध कापतात. या सगळ्याचा जोर पृष्ठभागाजवळ जास्त असतो. म्हणजे तुम्ही ज्या थराला नवीन मटेरियल चिकटवताय तो थर स्वतःच कमकुवत झालेला आहे. त्याला कितीही उत्तम बाँड लावला तरी तो थरच सुटून येईल.

म्हणून पहिलं काम म्हणजे हा म्हातारा थर काढून टाकणं. अर्धा ते एक मिलिमीटर खाली गेलं की बरंच निरोगी कॉम्पोझिट लागतं, जिथे फिलर अजून घट्ट बसलेले असतात आणि काही मोकळे दुहेरी बंधही सापडतात. निळ्या किंवा हिरव्या पट्टीचा डायमंड बर घ्या, पाणी चालू ठेवा. लाल-पिवळ्या पट्टीचे बारीक फिनिशिंग बर यासाठी नाहीत, आणि टंगस्टन कार्बाइड बर कापतो छान पण मागे पृष्ठभाग तुलनेने गुळगुळीत ठेवतो, म्हणून शेवटचा हात डायमंडचाच असू द्या. फक्त तुटलेल्या जागी न करता जुन्या कॉम्पोझिटवर एक-दोन मिलिमीटरचा लांब उतार काढा, आणि शेजारी इनॅमल असेल तर तिथेही बेव्हल (तिरकी कड) द्या. तुमच्या केसमध्ये कोपरा आहे, तिथे चिकटायला जागाच कमी, त्यामुळे हा उतार म्हणजे फुकट मिळालेली जागा आहे. शिवाय रंगाचा सांधाही लपतो.

बरनंतर सँडब्लास्ट. तुमच्याकडे एअर ॲब्रेजनचं (म्हणजे सँडब्लास्टचंच) छोटं हँडपीस नसेल तर माझा सल्ला आहे की सायलेनच्या महागड्या बाटलीआधी ते घ्या. ५० मायक्रॉनची ॲल्युमिनियम ऑक्साइड पावडर, २ ते ३ बार दाब, साधारण एक सेंटिमीटर अंतर, ५ ते १० सेकंद, आणि नोझल एका जागी न धरता फिरवत ठेवायचं. बरने मोठ्या खाचा पडतात आणि सँडब्लास्टने त्या खाचांच्या आत बारीक खडबडीतपणा येतो, रेझिन दोन्हीत शिरतं. झालंय की नाही हे ओळखायला सोपं आहे, पृष्ठभाग वाळवल्यावर कुठेही चमक दिसता कामा नये, सगळीकडे सारखा मंद, धुरकट दिसला पाहिजे. एखादा ठिपका जरी चमकताना दिसला तरी तिथे परत मारा. पॉलिशिंगसाठी जी बायकार्बोनेटची पावडर मारतात ती यासाठी चालत नाही हं, ती डाग काढायला आहे, कॉम्पोझिटवर खाचा पाडायला नाही. आणि शेजारचा दात झाकायला विसरू नका, टेफ्लॉन टेप किंवा मेटलची पट्टी लावा, शेजारी पोर्सेलिन क्राऊन असेल तर त्याची चकाकी काही सेकंदांत जाते आणि मग ते एक वेगळंच काम होऊन बसतं. रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबरचा पडदा), मोठं सक्शन, पेशंटला आणि स्वतःला गॉगल, हे सगळं पावडर मारताना हवंच.

सँडब्लास्टचाच एक पुढचा प्रकार आहे, सिलिका कोटिंग. यात ॲल्युमिनाच्या (म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) कणांवर सिलिकाचा थर असतो, कोजेट नावाने मिळणारी ३० मायक्रॉनची पावडर यातलीच. कण आपटतो तेव्हा खड्डाही पडतो आणि पृष्ठभागावर सिलिकाही बसते, मग सायलेनला धरायला जास्त जागा मिळते. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये या पद्धतीचे आकडे बऱ्याचदा वरच्या बाजूला असतात. पण साध्या ॲल्युमिना पावडरपेक्षा फरक दरवेळी फार मोठा निघतो असंही नाही. असेल तर वापरा, नसेल म्हणून रिपेअर अडवून ठेवू नका. वापरलीच तर एक लक्षात ठेवा, कोटिंग केल्यावर त्या जागेवर पाण्याचा फवारा मारायचा नाही, नुसती कोरडी हवा मारायची आणि वर सायलेन, नाहीतर बसवलेली सिलिका धुऊन टाकल्यासारखं होतं.

आता हायड्रोफ्लुओरिक. हा प्रश्न वारंवार येतो कारण पोर्सेलिन रिपेअरच्या किटमध्ये ते असतं आणि काचेवर चालतं म्हणजे कॉम्पोझिटमधल्या काचेवरही चालेल असा हिशेब मनात येतो. चालतं, पण जास्तच चालतं. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम काचेचे फिलर असलेल्या कॉम्पोझिटमध्ये ते काचकण विरघळवून टाकतं आणि मागे पोकळ, सच्छिद्र, कमजोर रेझिन ठेवतं. मायक्रोफिल (अतिबारीक फिलरचं कॉम्पोझिट) असेल तर उलट, काचकण उघडे नसतातच, मग फारसं काही होत नाही. म्हणजे समोर कुठलं कॉम्पोझिट आहे हे माहीत नसताना तुम्ही एक अंदाज नसलेली गोष्ट करताय. शिवाय आपल्या रिपेअरमध्ये जवळच इनॅमल किंवा डेंटिन (इनॅमलच्या आतला थर) उघडं असतं, हायड्रोफ्लुओरिक तिथे गेलं की कॅल्शियम फ्लोराइडचा न विरघळणारा थर बसतो आणि तिथलं बाँडिंग बिघडतं. आणि हिरडीला, ओठाला लागलं तर भाजतं, आतपर्यंत जातं, सुरुवातीला दुखतही नाही म्हणून उशिरा कळतं. जे काम एका डायमंड बरने जास्त चांगलं होतं त्यासाठी एवढी जोखीम पेशंटवर कशाला घ्यायची? मी तरी तोंडात कॉम्पोझिट रिपेअरला ते वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका असं अगदी ठामपणे सांगतो.

सायलेनवर जरा थांबू, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच होता. तुम्ही लिहिलंय की तुमच्या युनिव्हर्सल बाँडच्या बाटलीवरच सायलेन आहे असं छापलंय, मग वेगळं कशाला?

सायलेनचा रेणू दोन तोंडांचा असतो. एक तोंड काचेच्या सिलिकाला धरतं, दुसरं मेथाक्रिलेटचं तोंड रेझिनला धरतं. बर आणि सँडब्लास्टने जुन्या कॉम्पोझिटमधले काचकण उघडे पडतात, त्यांच्यावर मूळचं सायलेन राहिलेलं नसतं, तिथे नवीन सायलेन बसतं. दुसरा फायदा म्हणजे ते खूप पातळ असल्याने खाचांमध्ये पसरतं आणि मागून येणारा बाँड पृष्ठभागावर चांगला पसरतो. एवढं काम करण्यासाठी सायलेन आधी ॲसिडने जागं व्हावं लागतं, म्हणजे हायड्रोलाइज व्हावं लागतं, पण जागं झालेलं सायलेन फार काळ तसं राहत नाही, आपापसात जोडलं जाऊन निकामी होत जातं. युनिव्हर्सल बाँडच्या एकाच बाटलीत आम्लधर्मी मोनोमर आहेत, पाणी आहे, आणि सायलेनही आहे. अशा वातावरणात ते दिवसेंदिवस कमी होत जातं. म्हणून बाटलीवर नाव असलं तरी त्यातल्या सायलेनवर मी पूर्ण भिस्त ठेवत नाही. वेगळं सायलेन आधी लावून मग युनिव्हर्सल बाँड लावला तर बऱ्याच चाचण्यांमध्ये पकड वाढलेली दिसते. मात्र पृष्ठभाग मुळात नीट खरखरीत असेल तर हा फरक लहान होतो, आणि गुळगुळीत असेल तर नुसत्या सायलेनने रिपेअर वाचत नाही.

सायलेन घ्यायचंच तर दोन बाटल्यांचं, वापरायच्या वेळी मिसळायचं, ते जास्त भरवशाचं. एका बाटलीचं तयार सायलेन सोयीचं असतं पण एक्सपायरी काटेकोर पाळा आणि प्रत्येक वेळी एक थेंब काचेवर टाकून बघा, पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, दुधट किंवा गढूळ दिसलं तर फेकून द्या, कितीही भरलेली बाटली असली तरी. लावताना एक पातळ थर, मिनिटभर थांबायचं, मग हवेने पूर्ण वाळवायचं, कोमट हवा असेल तर उत्तम. डबकं राहू द्यायचं नाही, जाड सायलेनचा थर स्वतःच सुटून येतो. सायलेन फक्त जुन्या कॉम्पोझिटवर, बारीक मायक्रोब्रशने. इनॅमलवर जरा गेलं तर आभाळ कोसळत नाही, पण डेंटिनवर त्याचं काहीच काम नाही, तिथे जाऊ देऊ नका.

आणि हो, १०-एमडीपीबद्दल (बऱ्याच युनिव्हर्सल बाँडमध्ये असणारा एक आम्लधर्मी मोनोमर) पण लोक विचारतात. एमडीपी दाताच्या कॅल्शियमला आणि झिर्कोनियासारख्या ऑक्साइडला छान धरतं. जुन्या कॉम्पोझिटच्या रेझिनला किंवा साध्या काचेला धरायला ते खास उपयोगाचं नाही. युनिव्हर्सल बाँड घ्यायचा तो त्याच जागी उघड्या पडलेल्या डेंटिन-इनॅमलसाठी, हे ध्यानात ठेवलं की अपेक्षाही योग्य राहतात.

आता साध्या ॲल्युमिना पावडरने करायचा क्रम सांगतो, कारण रिपेअरमध्ये एकाच खाचेत तीन वेगवेगळे पृष्ठभाग असतात आणि प्रत्येकाची मागणी वेगळी. आधी शेड (दाताच्या रंगाची छटा) घ्या, रबर डॅम लावायच्या आधीच, कारण दात वाळला की पांढरा दिसतो. मग आयसोलेशन, म्हणजे दात लाळेपासून वेगळा, कोरडा ठेवणं. मग बर, कीड असेल ती पूर्ण काढणं, उतार, बेव्हल. मग सँडब्लास्ट सगळीकडे, कॉम्पोझिट, इनॅमल, उघडं डेंटिन असेल तर त्याच्यावर थोडक्यात. मग फॉस्फोरिक, इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, कॉम्पोझिटवर त्याच वेळी पसरवायचं सफाईसाठी, युनिव्हर्सल बाँड सेल्फ-एच म्हणून (म्हणजे वेगळं ॲसिड न लावता) वापरणार असाल तर डेंटिन सोडून. धुवा, चांगलं धुवा, वाळवा. इथे थांबून लूप्समधून बघा, इनॅमल खडूसारखं आणि कॉम्पोझिट मंद दिसलं पाहिजे, दोन्ही दिसलं तरच पुढे जा. मग कॉम्पोझिटवर सायलेन, मिनिटभर, वाळवणं. मग बाँड सगळीकडे, २० सेकंद घासत, मग हवा मारायची ती बाँड हलायचा थांबेपर्यंत आणि सॉल्व्हंट पूर्ण उडेपर्यंत, मग क्युअर. मग फ्लोएबलचा (पातळ, वाहत्या कॉम्पोझिटचा) अगदी पातळ थर, तो खाचांमध्ये शिरतो आणि पेस्ट कॉम्पोझिट दाबताना राहणारे बुडबुडे टाळतो, तोही वेगळा क्युअर. मग पेस्ट. नवीन कॉम्पोझिट जुन्याच कंपनीचं हवं का, तर नाही, मेथाक्रिलेटवर मेथाक्रिलेट चालतं, पृष्ठभागाची तयारी ब्रँडपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची.

यातली एक पायरी मोडली तर कुठून परत सुरू करायचं हेही माहीत हवं. सायलेन लावल्यावर किंवा बाँडच्या आधी लाळ लागली तर नुसतं पुसून पुढे जाऊ नका, धुवा, वाळवा, परत सँडब्लास्टचा हलका हात आणि तिथून सगळं परत. ग्लोव्ह्जचं बोट लागलं तरी तेच. दोन मिनिटं जातात, पण तिसऱ्यांदा तुटून पेशंट परत येण्यापेक्षा ती दोन मिनिटं बरी.

एक गोष्ट जी कुणी तपासत नाही आणि रिपेअर मात्र तिच्यामुळे सुटतात, ती म्हणजे चेअरच्या थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी मारायच्या नळीची) हवा. कॉम्प्रेसरमधून तेलाचा किंवा पाण्याचा अंश येत असेल तर तुम्ही सायलेन वाळवताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात त्याच्यावर तेल फवारताय. माउथ मिररच्या स्वच्छ काचेवर काही सेकंद हवा मारा आणि तिरक्या उजेडात बघा. काच कोरडी राहिली तर ठीक. बारीक ठिपके किंवा इंद्रधनुषी पापुद्रा दिसला तर आधी फिल्टर बदला, कॉम्प्रेसरचं पाणी काढा, मग बाकीचं बोला. तुमच्या दोन्ही वेळच्या रिपेअर एकाच चेअरवर झाल्या असतील तर हे तपासाच.

आता पुढच्या वेळी पेशंट येईल तेव्हा निघालेला तुकडा आणायला सांगा. बरेच जण टाकून देतात, पण कधीकधी जपून ठेवलेला असतो आणि त्यात सगळं उत्तर असतं. तुकड्याची आतली बाजू लूप्सखाली बघा आणि दातावर राहिलेला भागही बघा. तुकडा आतून गुळगुळीत, बाँडचा थर पूर्ण त्याच्याकडे आणि दातावरचं जुनं कॉम्पोझिट चमकतंय, तर खरखरीत झालंच नव्हतं. तुकड्याच्या पाठीवर जुन्या कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा चिकटून आलाय, तर बाँडिंग चांगलं होतं पण वरचा म्हातारा थर काढला नव्हता. तुकड्याच्या कडेला तपकिरी रेघ दिसते, तर सांध्यातून आधीपासून गळत होतं, बहुधा ओलावा किंवा अपुरं क्युअर. आणि तुकडा मध्येच फुटलाय, सांधा शाबूत, थोडं नवीन कॉम्पोझिट दातावर तसंच आहे, तर बाँडिंगमध्ये काही चुकलेलं नाही, तिथे बाईट (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते) बघायचा.

बाईट हा तुमच्या केसमध्ये मला निम्मा प्रश्न वाटतो. पुढच्या दाताचा कोपरा आपोआप उडत नाही. खुणा उमटवणारा पेपर दातांमध्ये ठेवून नुसतं चावायला लावू नका, खालचा जबडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सरकवायला सांगा. त्या कोपऱ्यावर खुणा पडत असतील, शेजारच्या दातांना झिजलेले सपाट पट्टे असतील, सकाळी जबडा आखडतो असं पेशंट सांगत असेल, तर रात्री दात खाण्याची सवय आहे आणि नुसतं बाँडिंग तिथे पुरणार नाही. कोपरा थोडा आखूड करा, मागच्या बाजूने कॉम्पोझिटची जाडी वाढवा, नाईट गार्ड सुचवा. पेन चावणं, नखं खाणं, दाताने धागा तोडणं हेही विचारा, पेशंट आपण होऊन सांगत नाहीत. नोंदी ठेवणाऱ्या दवाखान्यांच्या अभ्यासातही हे दिसलंय की कीड लागली म्हणून केलेल्या रिपेअरपेक्षा तुटलं म्हणून केलेल्या रिपेअर लवकर फेल होतात, आणि ते साहजिकच आहे, ज्या जोराने पहिलं तुटलं तो जोर अजून तिथेच असतो.

मग रिपेअर की पूर्ण बदल? माझा कल स्पष्टपणे रिपेअरकडे आहे. पूर्ण फिलिंग काढताना कितीही सांभाळलं तरी थोडा चांगला दात जातोच, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट काढताना तर जास्तच, कारण कुठे कॉम्पोझिट संपलं आणि कुठे दात सुरू झाला हे पाण्याच्या फवाऱ्यात कळत नाही. प्रत्येक बदलात खाच मोठी होते, नसेच्या जवळ जाते, मग कधीतरी रूट कॅनल, मग क्राऊन. हा प्रवास जितका लांबवता येईल तितकं पेशंटचं भलं आहे. एफडीआय या जागतिक दंतसंघटनेनेही दोष मर्यादित असेल तर रिपेअरचा विचार करावा अशी भूमिका घेतलेली आहे. कडेला नुसता डाग आहे तर तेवढ्यावरून काहीच उघडायचं नाही, पॉलिश करून बघा, पुष्कळदा तेवढ्यात भागतं.

पूर्ण काढायचं ते कधी, तर फिलिंगच्या खाली एक्स-रेमध्ये कीड पसरलेली दिसते, सगळ्या कडांनी गळतंय, फिलिंग मुळातच हलतंय, चावताना कळ येते आणि खाली क्रॅकचा संशय आहे, किंवा जागा अशी आहे की कोरडी ठेवताच येत नाही. शेवटचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. हिरडीच्या खाली गेलेली, रक्त येणारी कड असेल तर आधी हिरडीची सूज उतरवा, मग रिपेअर. ओल्या जागी केलेली रिपेअर आणि न केलेली रिपेअर यात फार फरक नसतो.

आकड्यांबद्दल थोडं. चाचण्यांमध्ये रिपेअरचा सांधा हा अखंड, एकाच वेळी केलेल्या कॉम्पोझिटइतका मजबूत सहसा नसतो, कमीच भरतो. त्यामुळे "अगदी नव्यासारखं" असं पेशंटला सांगू नका. पण इनॅमलला कॉम्पोझिट जेवढं धरतं, म्हणजे ढोबळमानाने २० मेगापास्कलच्या आसपास, तेवढं नीट तयारी केली तर मिळतं आणि रोजच्या वापराला ते पुरतं. आणि असे आकडे वाचताना नमुने किती जुने केले होते ते आधी बघत जा. २४ तास पाण्यात ठेवलेला नमुना आणि ५ ते ५५ अंशांत हजारो वेळा गरम-थंड करून घेतलेला नमुना यांचे आकडे एकत्र मोजून काही अर्थ निघत नाही. पहिल्या दिवशी सगळेच बाँड छान दिसतात.

काही अपवाद पटकन सांगून टाकतो. मायक्रोफिल कॉम्पोझिटवर उघडे काचकण कमी मिळतात म्हणून सायलेनचा फायदा कमी, तिथे सगळी मदार खरखरीतपणावर. मिलिंग केलेल्या (मशीनवर कोरलेल्या) कॉम्पोझिट ब्लॉकचं इनले (बाहेर बनवून खाचेत चिकटवलेलं फिलिंग) किंवा क्राऊन असेल तर ते कारखान्यात इतकं पूर्ण क्युअर झालेलं असतं की मोकळे दुहेरी बंध जवळपास नसतात, तिथे सँडब्लास्ट आणि सायलेन दोन्ही सक्तीचे समजा. पेशंटने नुकतंच ब्लीचिंग केलं असेल तर एक-दोन आठवडे थांबा, दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट क्युअर होऊ देत नाही. युजेनॉल असलेलं तात्पुरतं सिमेंट तिथे आधी लावलेलं असेल तर तेही रेझिनच्या क्युअरिंगला अडथळा करतं, ती जागा बरने खरवडून आणि सँडब्लास्टने पूर्ण साफ केल्याशिवाय बाँड लावू नका.

आणि लाईट तपासा. रेडिओमीटरवर (लाईटची ताकद मोजायच्या यंत्रावर) दर चौरस सेंटिमीटरला हजार मिलिवॅटच्या आसपास मिळतंय का, टोकावर जुनं कॉम्पोझिट चिकटलंय का, टोक दातापासून किती लांब धरलं जातंय. रिपेअरचा बाँडचा थर अतिशय पातळ आणि त्याच्यावर सगळा भार, तो अर्धवट क्युअर झाला तर वरची सगळी मेहनत वाया. असिस्टंटच्या हातात लाईट देऊन दुसरीकडे बघू नका, हात जरा सरकला की अर्धा प्रकाश ओठावर पडतो.

तुमच्या या पेशंटसाठी मी असं करेन: आधी बाईट आणि तुकडा बघायचा, मिररवर हवा तपासायची, मग रबर डॅमखाली जुन्या कॉम्पोझिटचा वरचा थर काढून लांब उतार, सँडब्लास्ट, एच, वेगळं सायलेन, तुमचाच युनिव्हर्सल बाँड, फ्लोएबल, पेस्ट, मागच्या बाजूने जाडी जास्त. सांध्यावर डिस्कने आणि रबर कपने चांगलं पॉलिश करा, कारण राहिलेल्या बारीक पायरीवरच पहिला डाग धरतो. कार्डावर कुठलं मटेरियल, कुठला बाँड, सायलेन वापरलं की नाही हे लिहून ठेवा, पुढच्या डॉक्टरला तुमच्यासारखं अंदाजावर काम करावं लागू नये. दोन आठवड्यांनी परत बोलवून पेपरने बाईट पुन्हा बघा, पुढे सरकवून आणि बाजूला सरकवून दोन्ही. तरीही निघालं तर तुकड्याच्या आतल्या बाजूचा आणि दाताचा असे दोन्ही फोटो टाका, कुठून सुटलंय ते बघून पुढचं सांगतो.